एर्बियमच्या शेजारचे ऑक्सिजन

प्रश्न : नीलमात, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात, वेगाने घुसवलेला एर्बियम या दुर्मिळ मृदा धातूचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ॲल्युमिनियमच्या जागी बसतो, असे वाचले. तो तिथे मावतो का? (विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : सहज मावत नाही. सहा ऑक्सिजनांच्या वेढ्यात ॲल्युमिनियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे ०.५४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), तर एर्बियमची ०.८९ असते. आपल्याकडे द्राक्षाच्या घडात मणी दाटले की बागायतदार विरळणी करतो. स्फटिकात ती सोय नसल्याने मोठा आयन शेजारच्या ऑक्सिजनांना दूर सारतो, कधी स्वतःही जागेवरून थोडा सरकतो. नीलमात ॲल्युमिनियम ते ऑक्सिजन हे अंतर दोन अँगस्ट्रॉमच्या आत असते, एर्बियम ऑक्साइडमध्ये मात्र ते सरासरी २.२६ च्या आसपास भरते. म्हणून ‘जागी बसला’ एवढ्याने समाधान मानू नये. भोवतीचे ऑक्सिजन किती आणि किती दूर, हा प्रश्न त्यापुढे विचारायलाच हवा.

प्रश्न : हे अंतर मोजतात कसे? (प्राध्यापक, पंचवटी)

उत्तर : नाशिकहून आग्रा रोडने पुढे जाताना लागणाऱ्या इंदूरमध्ये ‘इंडस-२’ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र, आहे. तिथल्या क्ष-किरणांची ऊर्जा एर्बियमच्या ८.३६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कडेपासून, म्हणजे जिथे शोषण एकदम वाढते त्या ऊर्जेपासून, पुढे वाढवत नेली, की सुटलेल्या इलेक्ट्रॉनची लहर शेजारच्या अणूंवरून परतते आणि शोषणाच्या आलेखावर बारीक तरंग उमटतात. तरंगांच्या दाटीवरून अंतर कळते, उंचीवरून शेजाऱ्यांची संख्या. या पद्धतीला एक्साफ्स म्हणतात. संख्येपेक्षा अंतरावर अधिक विश्वास ठेवावा, असे मला वाटते.

प्रश्न : नमुना भट्टीत तापवला की सारे सुरळीत होते ना? (वाचक, सातपूर)

उत्तर : आयन घुसताना झालेली मोडतोड बरीचशी भरून निघते. परंतु आयनांची मात्रा जास्त असेल, तर तेच तापमान त्यांना एकत्र गोळा होण्याचीही मुभा देते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात फक्त वर्णपटमापक आहे. त्यावर काय करता येईल? (विद्यार्थी, सिन्नर)

उत्तर : एर्बियमऐवजी युरोपियम घ्या. त्याचे आयन उजळल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशातील ५९० नॅनोमीटरजवळच्या नारिंगी रेषेवर परिसराचा फारसा परिणाम होत नाही. ६१२ जवळची लाल रेषा मात्र भोवतीची रचना केंद्र-सममित (आयनाच्या दोन्ही विरुद्ध बाजूंना सारखी) नसेल तेव्हाच जोर धरते. दोन्ही रेषांखालील क्षेत्रफळांचे गुणोत्तर तापवण्यापूर्वी व नंतर काढून पाहा. फक्त एवढे ध्यानात ठेवा, की जे आयन उजळतच नाहीत ते या मोजणीत येत नाहीत. एक्साफ्समध्ये तेही मोजले जातात.