इंजिनिअरला नोकरी सांभाळून ऑनलाइन मानसशास्त्र शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात, वय 34, पिंपरीत नोकरी, ऑनलाइन एम.ए. करून समुपदेशक व्हायचंय.

भारतात ती वाट सध्या बंद आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या पदव्यांचे ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने होणारे नवे प्रवेश थांबवलेत. 2021 च्या कायद्याने हा विषय आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांत धरला, म्हणून. तेव्हा 'घरबसल्या सायकॉलॉजी, शंभर टक्के मान्यताप्राप्त' असा कोणाचा फोन आला, तर पैसे भरायची घाई करू नका. आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर त्या विद्यापीठाला नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमांची परवानगी आहे ते बघा.

मी बी.कॉम., पतसंस्थेत कारकून. 2016 ला इग्नू या मुक्त विद्यापीठात, दूरस्थ पद्धतीने, मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. तेव्हा कुठल्याही शाखेचा पदवीधर चालायचा. दोन वर्षांचा कोर्स, जास्त वेळ घ्यायचीही मुभा. मला तीन लागली. 30 टक्के गुण असाइनमेंटचे, 70 टक्के लेखी परीक्षेचे. पुस्तकं इंग्रजी नाहीतर हिंदी. 'रीइन्फोर्समेंट'ला मराठीत 'प्रबलन' म्हणतात हे मला फार नंतर कळलं. पहिल्याच वर्षी संख्याशास्त्राचा अख्खा पेपर असायचा, आणि आर्ट्सवाले तिथेच गळायचे. संख्याशास्त्र तुम्हाला सोपं जाईल.

पण खरं शिकले ते प्रॅक्टिकलला. भाटिया बॅटरी नावाची बुद्धिमापनाची चाचणी आहे, 11 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी. तिच्यातल्या एका भागात रंगीत लाकडी ठोकळे जुळवून कार्डावरची नक्षी करायची असते, आपण स्टॉपवॉच धरून बसायचं. शेजारच्या काकूंचा नातू समोर बसवला. तीन ठोकळे झटक्यात लागले, चौथा उलटा. पोरगं माझ्या तोंडाकडे बघतंय, घड्याळ पळतंय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, फिरव ना तो!" झालं, चाचणी बाद. केंद्रावरच्या मॅडमनी वहीवर लाल रेघ ओढली आणि दुसरं मूल शोधायला लावलं. गप्प बसणं हे कौशल्य आहे हे कुठल्याच व्हिडिओतून कळलं नसतं. (बंदी मला जाचकच वाटते, लहान गावातल्या बायकांना हाच एक रस्ता होता. पण ही लाल रेघ आठवली की यूजीसीचंही थोडं पटतं.)

आता तुमचं. नुसतं शिकायचं असेल तर स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मानसशास्त्राचे कोर्स फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. आधी एक कोर्स पुरा करा. चौथ्या आठवड्यात कंटाळलात तर दोन वर्षं वाचली. ब्रिटनमध्ये इतर शाखांच्या पदवीधरांसाठी ऑनलाइन 'कन्व्हर्जन' एम.एस्सी. असते आणि ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी त्यातल्या काहींना मान्यता देते, पण ती महाग. शिवाय तिच्यावर इथे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी लावता येत नाही. त्या पाटीसाठी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी आरसीआयमान्य संस्थेत पूर्णवेळ शिकावं लागतं. मलाही ती पाटी लावता येत नाही. मी एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशन करते, गंभीर केस दिसली की मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

समुपदेशकच व्हायचं पक्कं असेल, तर पुण्यातल्या कॉलेजांत समोरासमोर होणाऱ्या एम.ए.ची चौकशी करा. काही ठिकाणी पदवीला मानसशास्त्र असल्याशिवाय घेत नाहीत, हे आधीच विचारा. सेकंड शिफ्ट मागून घेता येते का तेही बघा.

वयाचं म्हणाल, तर परीक्षेला माझ्या पुढच्या बाकावर एक निवृत्त हेडमास्तर असायचे. संख्याशास्त्राचा पेपर ते दुसऱ्यांदा देत होते, आणि बाहेर आल्यावर मलाच विचारायचे, "ताई, काय-स्क्वेअरचं उत्तर किती आलं हो तुमचं?"