ग्रहणाचा फिल्टर: कागद विकतचा, चौकट घरची

वाचकांचे प्रश्न, कॅमेरा-मेकॅनिकची उत्तरं

प्रश्न: माझ्याकडे डीएसएलआर आणि ७०-३०० ची झूम लेन्स आहे. २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाचे फोटो आमच्या इमारतीच्या गच्चीवरून काढायचे आहेत. वडिलांचे जुने एक्स-रे घरात पडून आहेत. ते दुहेरी करून लेन्सवर लावले तर चालतील का? एक मित्र वेल्डिंगची काच लाव म्हणतो, दुसरा म्हणतो एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) पुरे. घरच्या घरी फिल्टर कसा करायचा ते सांगाल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर: वडिलांचे एक्स-रे फाइलमध्येच राहू द्या, पुढेमागे डॉक्टरांना लागतील. लेन्सवर ते एकेरी नकोत आणि दुहेरीही नकोत.

एक्स-रेचा काळेपणा सगळीकडे सारखा नसतो हे तर ट्यूबलाइटसमोर धरलात तरी दिसेल. खरी गोम न दिसणाऱ्या उजेडात आहे. सूर्याकडून दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर इन्फ्रारेड किरणही येतात, आणि डोळ्याला काळीकुट्ट वाटणारी वस्तू ते किरण खुशाल आत सोडू शकते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. त्यामुळे ‘मला तर काही त्रास झाला नाही’ या वाक्याला काडीची किंमत नाही, त्रास काही तासांनी नजरेत डाग म्हणून उमटतो. काजळी धरलेली काच, सीडी, वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी कागद, दोन गॉगल एकावर एक, हे सगळं याच पंगतीतलं. रंगीत फिल्मच्या निगेटिव्हचंही तेच, कारण धुतल्यावर तिच्यात चांदी उरत नाही, नुसते रंग उरतात. जुने फोटोग्राफर कृष्णधवल रोल उन्हात पूर्ण उघडा करून धुवायचे आणि त्याच्या दोन पट्ट्या एकावर एक लावून ग्रहण बघायचे. त्या रोलमध्ये चांदी असायची. आज तो रोल मिळवा, तो धुणारा शोधा आणि मग त्याच्या भरवशावर डोळा लावा, एवढी हौस कशाला?

एनडीवाल्या मित्राला एक हिशेब दाखवा. बाजारात मिळणारा एनडी १००० हजारातला एक भाग प्रकाश आत सोडतो. सूर्याकडे बघायला लाखातला एक भाग लागतो. म्हणजे तो फिल्टर लावूनही उजेड शंभरपट जास्त. शिवाय एनडी बनवताना इन्फ्रारेडचा विचार केलेला असेलच असं नाही. धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून केलेली ती वस्तू आहे, तिला तेच काम करू द्या.

वेल्डिंगची काच मात्र अगदीच टाकाऊ नाही. १४ नंबरची असेल तर तिच्यातून डोळ्याने बघता येतं. नागदेवी स्ट्रीटला मागायला गेलात की बहुतेक जण आधी १० किंवा ११ ची पुढे करतात, तेव्हा काचेवरचा आकडा स्वतः वाचा. १४ म्हणजे १४. पण तुमच्या लेन्सला ती नको. काच येते साधारण २ इंच बाय सव्वाचार इंच, म्हणजे रुंदीला जेमतेम ५१ मिलिमीटर. तुमच्या लेन्सचं तोंड त्याहून मोठं, बाजूने उजेड घुसणारच. त्यात ती काच फोटोसाठी घासलेली नसते. ३०० मिलिमीटरला सूर्य हिरवा येतो, कडा फुगलेली येते आणि शेजारी त्याचं भूतही उमटतं.

तर माझं म्हणणं असं: कागद विकत घ्या, चौकट घरी करा. कागद म्हणजे सोलर फिल्म, दोन्ही बाजूंनी धातूचा लेप दिलेली. बाडर कंपनीची ए-४ आकाराची शीट ओळखीची आहे. खगोलशास्त्राची उपकरणं विकणाऱ्यांकडे मिळते. तिच्यावर घनता, म्हणजे ती किती उजेड अडवते त्याचा आकडा लिहिलेला असतो, ५ किंवा ३.८. ५ म्हणजे तोच लाखातला एक भाग. तुम्ही ५ चीच घ्या. ३.८ ची फक्त फोटोसाठी असते आणि जवळजवळ सोळापट जास्त उजेड सोडते. डीएसएलआरमध्ये आतल्या आरशावरून तोच उजेड व्ह्यूफाइंडरमधून थेट तुमच्या डोळ्यात जातो, म्हणून ही चैन नको. आणि खरेदी काही महिने आधी उरका. ग्रहणाच्या आठवड्यात काय काय ‘सोलर फिल्म’ म्हणून विकलं जातं ते विचारू नका.

चौकटीचं मी एवढं का लावून धरलंय ते सांगतो. प्रत्येक ग्रहणानंतर फोर्टातल्या आमच्या टेबलावर ठरावीक आजार येतो. २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण आठवत असेल, मुंबईत सकाळी ८ वाजून ४ मिनिटांनी सुरू झालेलं. त्यानंतर एक कॅमेरा आला. लेन्स काढली आणि आरसा वर केला, तर शटरच्या पात्यांना मधोमध भोक. ती पाती कागदाहून पातळ. भोकाच्या कडा आत वळलेल्या आणि वितळून एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे शटर अर्ध्यावर अडकलेलं. गिऱ्हाईक म्हणालं, मी तर फिल्म लावली होती. लावली होती खरी, पण रबरबँडने. लेन्स वर करताना बँड सरकला, संपला कारभार. दोष फिल्मचा नव्हता, बांधणीचा होता.

यात किती ताकद असते त्याचा ढोबळ हिशेब सांगतो. ३०० मिलिमीटरवर एफ ५.६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा) लेन्सचं उघडं तोंड सुमारे साडेपाच सेंटिमीटर व्यासाचं. त्यातून आत येणारी सूर्याची उष्णता जवळपास २ वॅट, आणि ती सगळी पावणेतीन मिलिमीटरच्या ठिपक्यात. सूर्याची प्रतिमा केवढी पडेल हे काढायला लेन्सच्या मिलिमीटरला १०९ ने भागायचं. म्हणूनच फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढे, सूर्याच्या बाजूला असतो. मागे किंवा डोळ्यापाशी लावलेला फिल्टर ही एकवटलेली उष्णता झेलतो आणि तडकतो. ग्रहणाचा चष्मा घालून उघड्या कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून बघणं हेही त्याच कारणाने वाईट.

आता कृती. लेन्स ३०० वर नेऊन पुढच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा. झूम करताना हीच नळी पुढे सरकते, चौकट तिच्यावरच बसायला हवी, मागच्या जाड भागावर नाही. हूड पाकळ्यांचा असेल तर काढून ठेवा. जाड कार्डशीटची चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी नळीभोवती दोन-तीन वेढे गुंडाळा. आधी नळीवर फ्लॅनेलचा एक थर घ्या, म्हणजे पकडही येते आणि चरे पडत नाहीत. वेढे एकमेकांना चिकटवायचे, लेन्सला नव्हे. झाली नळी. मग लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून दोन सारख्या चकत्या कापा आणि मधे लेन्सच्या काचेपेक्षा किंचित मोठं भोक पाडा. एका चकतीला डबल टेप लावून ती टेपची बाजू वर करून टेबलावर ठेवा, फिल्म अलगद वरून सोडा, वर दुसरी चकती दाबा.

इथे लोकांचे हात शिवशिवतात. फिल्मला सुरकुती दिसली की ती ताणायची. नका ताणू. सैल फिल्ममधून फोटो छान येतो, तबल्याच्या पुडीसारखी ताणलीत की बिघडतो. बोटांचे ठसेही नकोत. ही चकती नळीच्या तोंडावर बसवा आणि सांध्यावर बाहेरून काळी टेप फिरवा.

मग दोन परीक्षा. अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या मागे टॉर्च धरा. टाचणीच्या टोकाएवढा जरी प्रकाश चमकला तरी तो तुकडा बाद. ए-४ मधून दुसरा निघतो. दुसरी परीक्षा, फिल्टर लावून लेन्सचं तोंड जमिनीकडे करा आणि हलवा. पडला तर फ्लॅनेलचा आणखी एक थर. नाही पडला तरी ग्रहणाच्या दिवशी मास्किंग टेपचे तीन तुकडे लावाच, ऑगस्टात गच्चीवर वारा काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळी दमटपणाने डबल टेप सुटते, म्हणून फिल्टर स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लावण्याआधी टॉर्चची परीक्षा पुन्हा घ्या.

फोटोसाठी आयएसओ १००, एफ ८, शटर १/४०० सेकंद इथपासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन स्टॉप सरकवून घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सूर्य कलला किंवा धुरकट असला की वेळ वाढवावा लागतो. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, सूर्याची कड मोठी करून, आणि जमला की रिंगवर टेपचा तुकडा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, टायमर दोन सेकंदांचा. हे सगळं आधीच्या एखाद्या उन्हाच्या दिवशी करून आकडे लिहून ठेवा, साधा सूर्यही चालतो, त्याच्यावरचे डाग मिळाले तर बोनस.

एक गोष्ट ठळक लिहितो. इंटरनेटवरचे व्हिडिओ सांगतील की खग्रास स्थिती आली की फिल्टर काढा. ते बरोबर आहे, पण इजिप्तमधल्या लक्सरसाठी. तिथे २ ऑगस्टला सूर्य सहा मिनिटांहून जास्त काळ पूर्ण झाकला जाईल. मुंबईत हे ग्रहण खंडग्रासच, दुपार कलल्यावर पश्चिमेच्या आकाशात. इथे फिल्टर काढायचा क्षण येणारच नाही. ढगाआड सूर्य फिका दिसला की हात फिल्टरकडे जातो. तेव्हाही नाही. ढग सरकायला एक सेकंद लागतो आणि तेवढा सेन्सरला पुरतो.

बाकी, त्या दिवशी आषाढ अमावास्या आहे, दिव्याची अवस. काहींची गटारी. सोमवार असल्यामुळे बऱ्याच जणांनी ती रविवारीच उरकलेली असेल, ते ट्रायपॉडच्या दृष्टीने बरंच आहे.

प्रश्न: माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यावर ग्रहणाचा चष्मा धरून फोटो येईल का? २०२२ च्या दिवाळीतल्या ग्रहणाचा फोटो काढला होता, नुसता पांढरा गोळा आला.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: येईल, पण लहान येईल. मोबाइलच्या मुख्य लेन्समध्ये सूर्य म्हणजे ठिपका. टेलिफोटो लेन्स असेल तर तीच निवडा, आणि तीही चष्म्याच्या फिल्मने पूर्ण झाकली गेली आहे ना ते बघा. मोबाइलमधल्या लेन्स शेजारी शेजारी असतात आणि फोन कधी कधी आपल्या मर्जीने दुसरी निवडतो. चष्म्याची एक बाजू मागच्या कॅमेऱ्यांवर मास्किंग टेपने चिकटवा. १४ नंबरची वेल्डिंगची काचही इथे बरोबर बसते, रंग हिरवा येईल एवढंच.

पांढरा गोळा येतो तो एक्सपोजरमुळे. फोनला चौकटभर काळं आकाश दिसतं आणि तो बिचारा उजेड वाढवत बसतो. पडद्यावर सूर्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर अडकलं की बोट खाली ओढत गोळ्याला कड येईपर्यंत अंधार करा. प्रो मोड असेल तर आयएसओ सर्वांत कमी. डिजिटल झूम टाळा, नंतर कापून घ्या.

नेम धरताना सूर्याकडे बघू नका. फोनची सावली जमिनीवर किंवा भिंतीवर बघा. ती सर्वांत मोठी झाली की फोनची पाठ सूर्यासमोर आहे असं समजा, तिथून हळूहळू वळवत पडद्यावर शोधा. डीएसएलआरवाल्यांनाही अशीच युक्ती, फक्त लेन्सची सावली सर्वांत लहान व्हायला हवी.

२०२२ चं ते ग्रहण, २५ ऑक्टोबरचं, सूर्य मावळताना चालूच होतं. क्षितिजाजवळचा लालसर सूर्य बघून अनेकांनी फिल्टरशिवाय फोटो घेतले आणि आता तीच सवय लागली आहे. या वेळी ग्रहण सूर्य बराच वर असताना आहे. ती सवय विसरा.

प्रश्न: आमच्या चाळीत पंधरा-वीस मुलं आहेत. सगळ्यांना चष्मे परवडणार नाहीत. कॅमेरा एकच आहे. काही सोपं सांगाल का?
— एक शिक्षिका, परळ

उत्तर: बाई, तुम्हाला फिल्टर लागणारच नाही. खिशातला लहान आरसा घ्या, त्यावर काळा कागद चिकटवून मधे पाच-सहा मिलिमीटरचं भोक ठेवा. गॅलरीत ऊन येतं तिथे तो कणकेच्या गोळ्यावर टेकवा आणि कवडसा समोरच्या खोलीतल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भिंत १० मीटरवर असेल तर सुमारे ९ सेंटिमीटरचा सूर्य पडेल, आणि चंद्राने घेतलेला घास सगळ्यांना एकदम दिसेल. या भिंतीचा फोटो कुठल्याही कॅमेऱ्याने काढा. खोली जितकी काळोखी तितकं चित्र ठसठशीत. फक्त मुलांनी आरशात डोकवायचं नाही, भिंतीकडेच बघायचं.

ज्यांना गॅलरीत थांबायचंय त्यांच्या हातात तळणीचा झारा द्या. त्याच्या प्रत्येक भोकातून खाली एकेक घास घेतलेला सूर्य पडतो, पांढऱ्या कागदावर धरून त्याचाही फोटो घेता येतो. झारा कागदापासून मीटरभर वर धरा, जवळ धरला तर भोकाचाच आकार दिसतो.

सूर्य सरकतो तसा कवडसा भिंतीवरून सरकतो, दर दोन-तीन मिनिटांनी आरसा हलवावा लागेल. ते काम मुलांना पाळीपाळीने वाटून द्या, आणि ढगांच्या भरवशावर राहू नका, दोन दिवस आधी ऊन पडेल तेव्हा आरशाची जागा नक्की करून ठेवा.