१४ लाखांची तडजोड घ्यावी का?

ताई, तडजोडीला नाही म्हणू नका, पण १४ लाखांना हो म्हणू नका. आणि होडीत भागीदारी घेण्याचा विषय आत्ता घरात काढूच देऊ नका.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंचे यजमान रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, वय ३८. हातखंब्याच्या उतारावर टेम्पोने त्यांच्या दुचाकीला धडक दिली. मेंदूत रक्तस्राव झाला, कोल्हापूरला ऑपरेशन झालं. आता ते चालतात, बोलतात, पण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून भडकतात, एकटं सोडता येत नाही. मेडिकल बोर्डाने ५० टक्के कायमचं अपंगत्व लिहून दिलं आहे. क्लेम मुदतीत दाखल आहे. टेम्पोची विमा कंपनी येत्या लोकअदालतीत १४ लाख एकरकमी द्यायला तयार आहे. दीर म्हणतात, घ्या, पतसंस्थेचं ४ लाखांचं कर्ज फेडा आणि उरलेल्यातून होडीत हिस्सा घ्या. वकील म्हणतात, थांबा, ५० लाख काढून देतो, पण त्यातला चौथा हिस्सा माझा.

सगळा घोळ त्या ५० टक्क्यांत आहे. दाखल्यावरचा आकडा शरीराचा असतो. भरपाई मोजायची ती कमाई किती बुडाली यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच हा फरक स्पष्ट केला आहे. तांडेलाचं काम काय? वारा बघायचा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवायचं, खडक कुठे आहेत ते लक्षात ठेवायचं, दहा-बारा खलाशांना सांभाळून घ्यायचं. हे सगळं डोक्याचं काम आहे, आणि मार डोक्यालाच बसला आहे. हात-पाय धड असले तरी त्यांच्या हाती होडी कोण देईल? म्हणून तुमच्या वकिलांनी कमाईचं नुकसान १०० टक्के मागायला हवं आणि त्यासाठी न्यूरोसर्जनची साक्ष लावायला हवी. स्मरणशक्ती आणि वागणुकीची मानसशास्त्रीय तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. सीटी स्कॅनमध्ये तुमच्या घरातला रोजचा त्रास दिसत नाही, या तपासणीच्या अहवालात तो दिसतो.

आता आकडे. मी मुद्दाम हात आखडूनच धरतो. तुम्ही महिन्याला सरासरी २० हजार मिळायचे म्हणता, पण पगाराऐवजी मासळीच्या वाट्यावर काम करणाऱ्या माणसाकडे पगाराची चिठ्ठी नसते, आणि जून-जुलैची मासेमारीबंदी कंपनीचा वकील पहिल्यांदा काढणार. समजा दावा ऐकणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणाने १२ हजारच धरले. वय चाळिशीच्या आत असल्याने पुढच्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवायचे, म्हणजे १६,८००. वर्षाचे २,०१,६००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो ठरलेला आकडा, १५. होतात ३०,२४,०००. अपंगत्व ५० टक्केच मानलं तरी १५,१२,०००. सोबतीला माणूस ठेवायचा खर्च महिना ५ हजारांनी त्याच गुणकाने धरला तर ९ लाख. मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा खर्च गुणकानेच मोजून दिला होता, तेव्हा तो मागायला संकोच नको. ‘बायको आहे की घरात’ हे उत्तर तर ऐकूनच घेऊ नका. तुम्ही मच्छी विकायला बसायचं सोडलंत, तेही नुकसानच आहे. पावत्यांसह उपचारांचा खर्च ६ लाख ४० हजार. बेरीज ३०,५२,०००. वेदना, आयुष्यातलं गेलेलं सुख, पुढची औषधं यांतलं काहीच मी धरलेलं नाही.

पण हे पैसे उद्या मिळणार नाहीत. निकाल आणि त्यावरचं अपील मिळून चार वर्षं धरा. (अपील आता मुंबईला नाही, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातं. तेवढी एसटी कमी.) अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, ते साधारण साडेसात टक्के सरळव्याजाने धरलं तर चार वर्षांनी हातात ३९ लाख ६८ हजार येतात. इकडे पतसंस्था तुमच्याकडून १४ टक्के घेते. त्या दराने मागे मोजलं तर चार वर्षांनंतरच्या त्या रकमेची आजची किंमत साडेतेवीस लाख होते. हेल्मेट नव्हतं असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. हेल्मेट नसल्यामुळे टेम्पो अंगावर आला नाही, पण कंपनी तो मुद्दा लावून धरणारच. त्यापायी चौथा हिस्सा कापला गेला असं मानलं, तर आजची किंमत साडेसतरा लाख.

म्हणजे साडेसतराच्या खाली सही नाही. २३-२४ मिळत असतील तर मी स्वतः तुम्हाला घ्या म्हणेन, वकील काहीही म्हणोत. बोलणी मात्र ३० पासून सुरू करा.

यात तुमच्या हातातली गोष्ट एकच: पतसंस्थेचा दर. तुमच्याकडे सहा तोळे मोकळे आहेत. ते राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवून दहा टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळालं आणि पतसंस्थेचं खातं बंद केलं, तर थांबण्याची किंमत लगेच उतरते. त्याच हिशेबाने साडेतेवीसचे २७ लाख होतात आणि साडेसतराचे २० लाखांच्या वर जातात. कंपनीचा माणूस तुमची निकड ओळखून आकडा सांगतो. हप्ते थकलेत हे त्याला कळू देऊ नका, आणि शक्य असेल तर लोकअदालतीच्या आधी हे कर्ज हलवा. सोनं गहाण ठेवायला सासूबाईंचा विरोध आहे, हे वाचलं. त्यांना हा हिशेब दाखवा. त्या बाजारात बसलेल्या आहेत, व्याज त्यांना समजतं.

लोकअदालतीची एक बाजू नीट समजून घ्या. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मेंदूच्या मारानंतर काहींना पुढे फिट्स सुरू होतात. तसं झालं तर पुन्हा त्याच कंपनीकडे जाता येणार नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि त्यांचं मत लेखी घ्या. आकडा वाढवायला तो कागद उपयोगी पडेल.

वकिलांबद्दल. भरपाईत हिस्सा ठरवणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. ठरावीक फी सांगा म्हणावं, टप्प्याटप्प्याने देऊ. ऐकत नसतील तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दीर वाईट सांगतात असं मी म्हणत नाही. बंदरात वाढलेल्या माणसाला पैसा पाण्यावरच सुचतो. पण डिझेल, जाळी, वादळी हवामानाचे लाल बावटे आणि दोन महिने बंदी सोसून होडी चालवणारा माणूस तुमच्या घरात आता उरलेला नाही. हे पैसे यजमानांच्या औषधाचे आणि सोबतीचे आहेत, तेही पुढची तीसेक वर्षं. रक्कम ठरली की न्यायाधिकरणाला तुम्हीच विनंती करा: कर्जफेडीपुरते हातात द्या, बाकीचे मुदत ठेवीत किंवा अपघात भरपाईसाठी बँकांत असते त्या वार्षिकी ठेवीत घाला आणि दरमहा खात्यात येऊ द्या. अशा ठेवीवर न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही, मुदतीआधी ती मोडताही येत नाही. नातेवाइकांना नाही म्हणायचं तुमचं कामही त्यामुळे वाचेल.

शेवटचं, पण आधी करायचं. यजमान समोर ठेवाल त्या कागदावर सही करतात असं तुम्ही लिहिलंत. क्लेम त्यांच्या एकट्याच्या सहीने दाखल झाला आहे का, ते उद्याच बघा. तसं असेल तर वाद-मित्र, म्हणजे त्यांच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती, म्हणून तुमचं नाव लावायचा अर्ज वकिलांना द्यायला सांगा. समज गमावलेल्या माणसाच्या वतीने तडजोड करताना न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती न घेता झालेली तडजोड पुढे वादात अडकू शकते. तोवर घरी येणाऱ्या कोणाच्याही कागदावर त्यांची सही नको, दिरांनी आणलेल्याही.