वजन हलत नाही, पण पँट सैल झाली: मग मोजायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन महिने व्यायाम चालू आहे, पँट कमरेत सैल झाली, पण वजनकाटा जेमतेम किलोभर खाली आला. तर वजन सोडून बॉडी फॅटकडे, म्हणजे शरीरात चरबी किती टक्के आहे त्याकडे, बघावं का, आणि ते घरी कसं मोजायचं?

बघावं. मात्र बॉडी फॅटच्या टक्क्यालाही वजनासारखंच डोक्यावर बसवून घेऊ नका. आधी एक हिशेब बघा. 80 किलो वजन, 30 टक्के चरबी, म्हणजे 24 किलो चरबी आणि 56 किलो बाकीचं शरीर. एकाने नुसतं खाणं तोडून 10 किलो वजन उतरवलं. अशा वेळी साधारण पाव हिस्सा तरी स्नायू, पाणी वगैरेचा जातो. म्हणजे चरबी गेली साडेसात किलो, आणि आता 70 किलोत चरबी 23.6 टक्के. दुसऱ्याने वजनं उचलून 6 किलो चरबी घालवली, 1 किलो स्नायू कमावला. काट्यावर उतरले फक्त 5 किलो, आणि 75 किलोत चरबी 24 टक्के. टक्का जवळपास तोच. पण दुसऱ्याकडे साडेतीन किलो जास्त कामाचं शरीर शिल्लक आहे.

काटा फसवतो तो मुख्यतः पाण्यामुळे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टमय पदार्थांतून आलेली साखर, साठतं, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात ते हेच. उलट नवा व्यायाम सुरू केला, खारट खाल्लं, पाळी जवळ आली किंवा क्रिएटिन (व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती पूड) घेतलं, की पाणी धरून ठेवलं जातं. आता चरबीचा वेग बघा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी, म्हणून रोज 400 कॅलरी कमी खाल्ल्या तर महिन्याला दीड किलो. पाण्याचे चढउतारच तेवढे असतात, त्यात ही घट सहज झाकली जाते. वजन करायचंच तर रोज सकाळी करा आणि आठवड्याची सरासरी तेवढी बघा. पाळी येत असेल तर या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडा.

घरच्या घरी सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे टेप. तीही बहुतेक जण चुकीची लावतात. पँटचा पट्टा जिथे येतो तिथे मोजू नका. पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो आणि माप उगाच कमी येतं. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, टेप थेट त्वचेवर आडवी गुंडाळा. पाठीमागे ती खाली घसरते, म्हणून आरशासमोर उभे राहा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि त्या क्षणी वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेप रुतवायची नाही. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. कापडी टेप वापरून ताणली जाते, म्हणून अधूनमधून स्टीलच्या पट्टीशी पडताळा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी: उंची 170 सेंटिमीटर असेल तर 85 च्या आत.

टक्काच हवा असेल तर अमेरिकी नौदलाचं सूत्र आहे. पुरुषांसाठी मान, बेंबीपाशी कंबर आणि उंची. स्त्रियांसाठी नितंबांचा घेरही लागतो, आणि कंबर सर्वांत बारीक असते तिथे मोजतात. कॅल्क्युलेटर सहज मिळतात. 170 उंचीच्या पुरुषाची मान 38 आणि कंबर 94 असेल तर उत्तर सुमारे 24.3 टक्के येतं. कंबर 90 झाली की 21.5. म्हणजे टेप एक सेंटिमीटर चुकली की टक्का पाऊण अंकाने हलतो. एवढ्याशा फरकावर आनंद किंवा दुःख करण्यात अर्थ नाही.

पायाखालचे स्मार्ट काटे तर याहून लहरी. ते शरीरातून अगदी सौम्य वीज सोडतात आणि तिला होणाऱ्या अडथळ्यावरून अंदाज बांधतात. पाणी प्यालात, घाम गाळलात, की आकडा बदलला. शिवाय वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते; पोटाच्या चरबीचा पत्ता तिला फारसा लागतच नाही. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅथलीट’ निवडा, त्याच मिनिटाला चरबी घटलेली दिसेल! वापरायचाच तर एकच काटा, एकच वेळ, आणि फक्त कल बघायचा.

चरबी उतरवताना स्नायू राखायचे तर खाण्यातली तूट बेताची ठेवा, रोज 300 ते 500 कॅलरी. प्रथिनं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास. स्थूलता जास्त असेल तर आत्ताच्या नव्हे, गाठायच्या वजनावर हिशेब करा. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाची औषधं किंवा गर्भारपण असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

व्यायामात आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं: एक बसण्या-उठण्याचा प्रकार, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा, एक कमरेतून वाकून उचलण्याचा. प्रत्येकाचे तीन सेट (फेऱ्या), दर सेटमध्ये 6 ते 12 रेप्स (तोच प्रकार तितक्या वेळा), आणि अजून दोन निघतील असं वाटेल तिथे थांबा. सगळ्या सेटमध्ये 12 जमले की थोडं वजन वाढवा. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. ती कुठून आधी जाईल ते शरीर ठरवतं.

वहीत दोनच नोंदी पुरे: आठवड्याला कंबर, आणि दर व्यायामाचं वजन व रेप्स. चार आठवड्यांनी निर्णय घ्या, आधी नाही. कंबर घटतेय आणि ताकद टिकून आहे किंवा वाढतेय, तर काट्याने काहीही म्हणो, काहीच बदलू नका. ताकद वाढतेय पण कंबर जागची हलत नाही, तर रोजच्या 150 ते 200 कॅलरी कमी करा किंवा दोनेक हजार पावलं वाढवा. आणि कंबरेबरोबर ताकदही घसरत असेल तर तूट जास्त झालीय: आधी झोप आणि प्रथिनं तपासा, मग खाणं थोडं वाढवा.