धुवून वापरायचा एअर फिल्टर घ्यावा का?

प्रश्न : माझी 2019 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 62 हजार किलोमीटर झालेत. बार्शीजवळच्या गावातून रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटर होतं, त्यातले आठ-नऊ किलोमीटर कच्चा रस्ता आणि त्याच रस्त्याला खडी क्रशर. ऊस चालू झाला की ट्रॉल्यांच्या मागे नुसता फुफाटा. आमचे दाजी म्हणतात कागदाचा फिल्टर दरवेळी साडेतीनशेला बदलत बसण्यापेक्षा साडेपाच हजारांचा धुवून वापरायचा परफॉर्मन्स फिल्टर एकदाच टाक, पिकअप वाढेल, मायलेजही वाढेल, आयुष्यभर बघायला नको. टाकू का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : तुमच्या रस्त्याला नका टाकू. दाजींना राग येईल म्हणून नीट कारणं देतो, त्यांनाही वाचायला द्या.

आधी फिल्टरला काम किती असतं ते बघा. एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. तुमची गाडी वीसचं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर रोजचे दोन लिटर, म्हणजे अठरा हजार लिटर हवा, गच्चीवरच्या हजार लिटरच्या अठरा टाक्या भरतील एवढी हवा रोज त्या वहीएवढ्या फिल्टरमधून आत जाते आणि ती हवा क्रशरच्या रस्त्यावरची. दगडाच्या धुळीत सिलिका असते, ती लोखंडापेक्षा कडक, ती आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत पॉलिश पेपर मारल्यासारखी घासत राहते. लगेच काहीच कळत नाही, दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, मग धूर, आणि तेव्हा गॅरेजवाला इंजिन खोलायचं बोलतो. म्हणून फिल्टर निवडताना पहिला प्रश्न धूळ किती अडवतो हाच, हवा किती सोडतो हे नंतर.

कागदाच्या फिल्टरची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तो थोडा मळला की आणखी चांगलं गाळतो, कारण कागदावर बसलेल्या धुळीचाच एक थर होतो आणि तो थर आणखी बारीक कण अडवतो, अर्थात पार चोंदेपर्यंत नाही. धुवायचा फिल्टर म्हणजे जाळीत धरलेले कापसाचे थर आणि त्यावर चिकट तेल, धूळ त्या तेलाला चिकटते. के अँड एन ही यातली सगळ्यात जुनी-जाणती अमेरिकन कंपनी, 1969 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली, मोटरसायकल रेसिंगमधून वर आलेली. रेसिंगमध्ये हा फिल्टर बरोबरच आहे, तिथे गाडी सारखी फुल रेसवर असते, हवा जितकी मोकळी तितकं बरं, आणि इंजिन थोड्याच रेसनंतर खोलून नवं केलं जातं. तुम्हाला मात्र हेच इंजिन दोन लाख किलोमीटर चालवायचंय.

आता मायलेज. 2009 साली अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या होत्या, तर फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे तुमच्यासारख्या, गाड्यांचं मायलेज चोंदलेल्या फिल्टरनेसुद्धा पडलं नाही, पिकअप तेवढा कमी झाला. कारण साधं आहे, हवा कमी आली की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो आणि आपण अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबतो, बास. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फरक पडायचा, तिथूनच ही समजूत आलीय. मग मला सांगा, घाण फिल्टरने मायलेज पडत नसेल तर मोकळ्या फिल्टरने वाढणार कुठून? पिकअपचंही तेच, अ‍ॅक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असतो तेव्हा थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदाच, हवा अडवून बसलेला असतो, त्याच्या मागचा फिल्टर थोडा मोकळा असला काय नि नसला काय. फरक असलाच तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन वरच्या आरपीएमला नेल्यावर, आणि तोही जेमतेम. फिल्टर बदलल्यावर इंजिनाचा आवाज जरा भारी येतो, त्यालाच बरेच जण पिकअप समजतात.

पैशाचाही हिशोब करून बघा. साडेपाच हजारात साडेतीनशेचे पंधरा फिल्टर येतात. तुमचं वर्षाला चौदा हजार किलोमीटर होत असेल आणि धुळीमुळे दर दहा हजारांना बदलला तरी ते पंधरा फिल्टर दहा वर्षं पुरतील. वर धुवायच्या फिल्टरला क्लीनर आणि तेलाचं किट लागतं, ते वेगळं. आणि एकदा टाकला की बघायला नको हे तर खरंच नाही, बॉक्सवर धुण्यामधलं जे मोठं अंतर लिहिलेलं असतं ते चांगल्या रस्त्यांसाठी, क्रशरच्या रस्त्याला तो बराच लवकर धुवावा लागेल. धुवायचं म्हणजे क्लीनर लावा, आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर हलकं पाणी सोडा, मग सावलीत पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायर नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही, मग घडीघडीला बेताचं तेल. तोपर्यंत गाडी उभी. फिल्टर काढून गाडी चालवायची नाही, अगदी दूध आणायलासुद्धा.

तेलाचं मी स्वतः भोगलंय. 2014 मध्ये माझ्या आधीच्या गाडीत असाच फिल्टर होता, धुतल्यावर मी तेल जास्त मारलं, आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवा लागला आणि खंडाळ्याच्या चढाला गाडी अडखळायला लागली. तेल उडून एअर फ्लो सेन्सरच्या गरम तारेवर बसलं होतं, तारेवर थर आला की ती हवा कमी मोजते आणि पेट्रोल कमी पडतं. सेन्सर साफ केल्यावर सुटलं. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतो, प्रेशरवाला असतो, तुमच्यात कुठला ते गॅरेजमध्ये विचारा.

एक तपासणी आजच करा, पाच मिनिटांचं काम आहे. एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, क्लिपा काढा, फिल्टर उचला आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात पांढरा रुमाल फिरवा. रुमाल स्वच्छ निघाला पाहिजे. मागच्या उन्हाळ्यात एका नातेवाइकाच्या गाडीत मी असं केलं तर रुमालावर करडी, टाल्कम पावडरसारखी मऊ धूळ आली, फिल्टर नवाच होता पण डुप्लिकेट, त्याची रबरी कड एका कोपऱ्यात बसलीच नव्हती आणि तिथून धूळ सरळ आत जात होती. म्हणून फिल्टर कंपनीच्या पार्ट काउंटरवरूनच घ्या, घड्या एकसारख्या आहेत का आणि कड मऊ आहे का बघा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी सर्व्हिसचा वेगळा तक्ता असतो, तोच तुमचा.

प्रश्न : आमच्या डिझेल एसयूव्हीचा कागदी फिल्टर गॅरेजवाले दर सर्व्हिसला कॉम्प्रेसरने हवा मारून परत बसवतात. चालेल का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, जोरात हवा मारलेली चालत नाही. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर बाहेरून छान पांढरा दिसतो, म्हणून तर फसायला होतं. नुसता हलक्या हाताने आपटून सुटी धूळ झाडलेली ठीक. घरी अंधारात फिल्टरच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरा, सगळीकडे सारखा मंद उजेड दिसला पाहिजे, कुठे टोचल्यासारखा ठिपका चमकला तर तो टाकून द्या, आणि उजेड येतच नसेल तरी टाकून द्या. तुमच्या गाडीत टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आहे, त्याचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि हवेतला प्रत्येक कण आधी त्याच्या पात्यांवर आदळतो. टर्बोचं बिल किती येतं ते एकदा विचारून बघा, मग फिल्टरचे पैसे वाचवावेसे वाटणार नाहीत.

प्रश्न : पावसात गाडी पाण्यातून काढली, फिल्टर भिजलाय. वाळवून लावू?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही, नवाच लावा, भिजलेला कागद फुगून घड्या एकमेकींना चिकटतात. पण त्याआधी, फिल्टर ओला आहे म्हणजे पाणी पुढे सिलिंडरपर्यंत गेलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, मग स्टार्ट केल्यावर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी परत एकदाही स्टार्ट करू नका, टो करून न्या आणि मेकॅनिकला स्पार्क प्लग काढून बघायला सांगा.