आधी हालचाल काढ, मग सुटे भाग

प्रिय दोस्त,

अनेक आशीर्वाद. पहिलं वाफेचं इंजिन करायचं आणि त्याची ड्रॉइंगही संगणकावर आपणच काढायची, हा बेत चांगला आहे. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लाव. सिलिंडर काढून सुरुवात करू नकोस. नवशिके हमखास तसंच करतात. आधी देखणा सिलिंडर होतो, मग पिस्टन, मग फ्लायव्हील, प्रत्येक भागाला रंगही दिला जातो. शेवटी सगळं एकत्र जोडल्यावर कळतं की पिस्टन वर गेला की वाफेचं भोकच झाकलं जातं. इंजिन म्हणजे मुळात हालचाल. ती कागदावर सुटली की भागांचे आकार आपोआप ठरत जातात.

सॉफ्टवेअरच्या निवडीत एका संध्याकाळीहून जास्त वेळ घालवू नकोस. फ्रीकॅड फुकट आहे आणि तुझ्या फाइल्स तुझ्याच मशीनवर राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून त्यात सुटे भाग जोडून बघण्यासाठी स्वतःचं असेंब्ली वर्कबेंच, म्हणजे त्या कामाच्या हत्यारांचा संच, आहे. आधीचं एखादं माप बदललं की पुढची भोकं भलत्याच पृष्ठावर उडी मारायची, तो जुना त्रासही बराच कमी झाला आहे. फ्यूजनचा वैयक्तिक परवाना फुकट मिळतो, पण एका वेळी दहाच फाइल्स बदलता येतात. ऑनशेपच्या फुकट खात्यातलं काम सगळ्यांना दिसतं. छंदाच्या कामात त्यानं बिघडत नाही, पण माहीत असावं. पुढचं मी फ्रीकॅड धरून लिहितो. बाकीच्यांत बटणं वेगळी असली तरी विचार तोच.

पहिलं इंजिन ऑसिलेटिंग सिलिंडरचं घे, एकाच बाजूनं वाफ घेणारं. त्यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर एका पिनवर डोलतो आणि त्याच्या अंगावरचं भोक आलटून पालटून फ्रेमवरच्या दोन भोकांसमोर येतं, एक वाफ आत घेण्याचं, दुसरं बाहेर सोडण्याचं. भाग मोजके, पण भूमिती चोख लागते. संगणकाचा खरा उपयोग इथेच कळतो.

एक नवीन स्केच उघड आणि त्यात नुसत्या रेषा काढ. तळाशी क्रँकशाफ्टचा मध्यबिंदू, त्याच्या बरोबर वर ५० मिमीवर सिलिंडरच्या पिनचा मध्यबिंदू. क्रँकपिन, म्हणजे क्रँकवरची पिस्टनला जोडलेली पिन, फिरते त्या वर्तुळाची त्रिज्या १० मिमी, म्हणजे स्ट्रोक, पिस्टनचा एका दिशेचा प्रवास, २० मिमी. क्रँकपिनपासून सिलिंडरच्या पिनमधून वर जाणारी एक रेषा काढ. ती सिलिंडरचा अक्ष. त्या रेषेवर, पिनच्या वर १५ मिमीवर, सिलिंडरचं भोक. क्रँकपिनचा बिंदू वर्तुळावर मोकळा सोड, बाकी सगळ्यांना मापं दे. आता फ्रीकॅड सांगेल की एकच हालचाल मोकळी आहे, आणि तेच आपल्याला हवं आहे. माउसनं क्रँकपिन धरून फिरव. सिलिंडर डोलताना दिसेल.

क्रँकपिन फिरता फिरता तो अक्ष वर्तुळाला स्पर्शिका होतो, तेव्हा डोलणं सर्वांत जास्त असतं. त्या कोनाचा साइन म्हणजे १० भागिले ५०, म्हणून कोन ११.५४ अंश. सिलिंडरचं भोक त्या क्षणी जिथे असेल तिथेच फ्रेममधलं भोक हवं. स्केचमध्ये माप घेतलंस तर पिनच्या मध्यापासून आडवं अंतर ३.०० मिमी आणि उभं १४.७० मिमी येईल. उभं १५ धरायची चूक सर्रास होते, कारण सिलिंडरवरचं माप १५ असतं. पण भोक कंसावरून जातं, सरळ रेषेवरून नव्हे, आणि तो ०.३ मिमीचा फरक या आकारात चांगलाच जाणवतो.

आता भोकांचा व्यास. क्रँक डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन प्रवासाच्या टोकाला, असताना सिलिंडरचं भोक बरोबर मध्ये असतं आणि फ्रेमच्या प्रत्येक भोकापासून त्याचा मध्य ३.०२ मिमी दूर असतो. सगळी भोकं ३ मिमीच्या ड्रिलनं पाडलीस तर मध्ये अंतर जवळजवळ उरत नाही. ड्रिल थोडं भरकटलं, काठावर धातूची कूस (बर) राहिली, की त्या क्षणी दोन्ही वाटा उघड्या राहतात आणि वाफ काम न करता सरळ बाहेर जाते. इंजिन नुसतं फुसफुसतं. २.५ मिमीचं ड्रिल घेतलं तर दोन भोकांच्या कडांमध्ये अर्धा मिमी धातू राहतो, आणि वरच्या डेड सेंटरनंतर क्रँक साधारण ८ अंश फिरला की वाट उघडू लागते. उगाच सावधगिरी म्हणून १.५ मिमी केलंस तर ती २५ अंशांपर्यंत बंदच राहील, स्ट्रोकचा सुरुवातीचा तुकडा वाया जाईल आणि उघडल्यावरही वाट अरुंदच. म्हणून २.५. हे कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस. स्केचमध्ये तिन्ही व्यासांची वर्तुळं काढून क्रँक फिरव आणि ती एकमेकांना कुठे शिवतात ते स्वतः बघ.

याच स्केचमध्ये पिस्टनही सोडव. क्रँकपिन सर्वांत वर असते तेव्हा ती सिलिंडरच्या पिनच्या ४० मिमी खाली असते. पिस्टनचा माथा त्या क्षणी भोकाच्या खालच्या कडेखाली राहिला पाहिजे. भोकाचा मध्य १५ वर, म्हणजे खालची कडा १३.७५ वर. माथा १३.५ ला थांबव. मग क्रँकपिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची लांबी ५३.५ मिमी ठरली. सिलिंडरचं झाकण आतून १६.५ वर ठेव, म्हणजे भोक पूर्ण मोकळं राहील. वर ३ मिमी रिकामी जागा उरते, स्ट्रोकच्या १५ टक्के. वाफ थोडी जास्त लागेल, पण पहिल्या इंजिनाला चालेल.

ही सगळी मापं स्केचमध्ये थेट लिहू नकोस. फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकाला नाव दे, जसं क्रँक त्रिज्या, पिन अंतर, भोक त्रिज्या, आणि स्केचमधलं माप त्या नावाला जोड. मग एकेक आकडा ०.२ नं बदलून काय बिघडतं ते पाहा. मला या साऱ्या प्रकारात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पिन अंतर ५०.२ केलंस तर भोकांची आडवी जागा जेमतेम शतांश मिमीनं हलते. तेच ४९.८ झालं तर पिस्टनचा माथा १३.७ वर येतो आणि भोकाच्या कडेला भिडू लागतो. फ्रेमचं एक भोक ०.२ नं मध्याकडे सरकलं तर अर्ध्या मिमीच्या धातूतला जवळजवळ निम्मा गेला. यावरून कुठे जीव ओतून काम करायचं आणि कुठे हात जरा सैल सोडला तरी चालेल, हे लेथ सुरू करण्याआधीच कळतं. फ्रेमवर पिनचं भोक आधी पाडायचं आणि वाफेची दोन्ही भोकं त्यापासून मोजायची. प्लेटच्या कडेपासून नाही. ड्रॉइंगवरही मापं तशीच दे.

आता सुटे भाग. सिलिंडरसाठी २५ मिमीची चौकोनी पितळी सळई आणि मधोमध १२ मिमीचा बोअर, म्हणजे पिस्टनसाठीची गोल पोकळी, धर. चारही बाजूंना ६.५ मिमी भिंत उरते. २० मिमीची सळई स्वस्त पडेल, पण तिच्यात भिंत ४ मिमीच राहते आणि इथे एक खोच आहे. सिलिंडरची पिन या भिंतीत आटे पाडून बसवायची आहे आणि आत, त्याच जागेवरून, पिस्टन जातो. एम४ साठी ३.३ मिमीचं ड्रिल लागतं आणि त्याच्या टोकाचा शंकू साधारण १ मिमी लांब असतो. सरळ भाग ४.५ मिमी खोल घेतलास तर टोक ५.५ ला पोचतं आणि खाली १ मिमी धातू वाचतो. पार्ट डिझाइनच्या होल टूलमध्ये टोक कोनाचं, म्हणजे ११८ अंशांचं, ठेव. सपाट तळाचं भोक काढलंस तर पडद्यावर सगळं ठीक दिसेल आणि प्रत्यक्षात ड्रिल बोअरच्या भिंतीला पातळ करून ठेवेल. तळापर्यंत आटे कापायला बॉटमिंग टॅप लागेल आणि तरीही तीन-साडेतीन मिमीच पूर्ण आटे मिळतील. पिन थ्रेडलॉक, म्हणजे आटे घट्ट धरणारा चिकट द्रव, लावून बसव.

सिलिंडर मधोमध आडवा कापून आतून बघण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वरचेवर वापर. बाहेरून दिसत नाहीत अशा टकरी तिथेच सापडतात. उदाहरणार्थ, फ्रेमच्या दोन भोकांच्या मध्यांत अंतर आहे फक्त ६ मिमी. मागच्या बाजूला दोन्हींवर एम५ चे नट लावायचं मनात असेल तर प्रत्येक नट ८ मिमी रुंद आहे; दोन्ही बसणारच नाहीत. त्याऐवजी ३ मिमीच्या तांब्याच्या नळ्या मागून सिल्व्हर सोल्डरनं जोडायच्या आणि मग हव्या तिकडे वळवायच्या.

बोअर आणि पिस्टन दोन्ही १२ मिमी काढलेस तर संगणक तक्रार करणार नाही, धातू करेल. मॉडेलमध्ये दोन्ही १२ च राहू दे, पण ड्रॉइंगवर बोअरला १२ एच७ लिही, म्हणजे १२.००० ते १२.०१८, साध्या रीमरनं, भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्यारानं, ते मिळतं. पिस्टन ब्राँझचा घे आणि त्यावर ११.९८ लिही, शिवाय तेल धरायला अर्धा मिमीच्या दोन खाचा. बोअर आधी पूर्ण कर, पिस्टन त्याला लावून बघत उतरव. हा क्रमसुद्धा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहून ठेव.

कुठलाही भाग काढताना स्वतःला विचार: हा जॉब चकमध्ये कसा धरणार, पहिला कट कुठल्या पृष्ठावर, आणि हे माप देणारं हत्यार माझ्याकडे आहे का? आतल्या कोपऱ्याला १ मिमीची गोलाई दिलीस तर २ मिमीचा एंडमिल लागेल. ३ मिमी केलीस तर ६ मिमीचा चालतो आणि तो सहज मोडत नाही. सळयांचे आकारही बाजारात जे मिळतात तेच धर. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला काय मिळतं ते आधी विचारून ये आणि त्याप्रमाणे स्प्रेडशीट बदल. २४ मिमीची सळई काढून ठेवायची आणि मग २५ ची घासत बसायचं, यात काही अर्थ नाही.

पुढे कधी जुन्या ब्रिटिश ड्रॉइंगवरून इंजिन करावंसं वाटेल. हा छंद तिकडे शंभराहून अधिक वर्षं बहरला आहे आणि उत्तम आराखडे तिकडचेच. त्यांत मापं इंचात आणि आटे बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या पद्धतीचे असतात. ७/१६ इंच म्हणजे ११.११२५ मिमी. प्रत्येक माप सुटं सुटं गोल केलंस तर दहा भागांनंतर जोडणी जुळत नाही. आधी मूळ इंचातच मॉडेल पूर्ण कर, सगळं बसतं का पाहा, आणि मग एकेक जोडी, म्हणजे शाफ्ट आणि तिचं बेअरिंग, पिस्टन आणि त्याचा बोअर, एकत्रच मिमीत आण. ६ बीएचा स्क्रू २.८ मिमीचा असतो, त्याच्या जागी एम३ सहज सुचतो. पण ६ बीएचं डोकं ४.९ मिमी आणि एम३ चं ५.५. झाकणाच्या काठावर आठ स्क्रू असतील तर पान्याला जागा उरत नाही. तिथे एम२.५ जास्त शोभतो.

कागदावरच्या ड्रॉइंगबद्दल एकच. भारतात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र डावीकडे काढतात; अमेरिकी आराखड्यांत थर्ड अँगल, तिथे ते उजवीकडेच असतं. टेकड्रॉमध्ये, म्हणजे फ्रीकॅडच्या ड्रॉइंग काढायच्या भागात, पान उघडताच कुठलं आहे ते तपास आणि चिन्ह छाप. नाहीतर फ्रेमवर बेअरिंग उलट्या बाजूला जातं.

फ्रेमची ६ मिमीची स्टील प्लेट लेझरनं कापून घ्यायची असेल तर डीएक्सएफ फाइल (लेझर मशीन वाचतं ती रेषांची फाइल) १:१ मध्ये दे आणि त्यात फक्त बाहेरची कडा ठेव. वाफेची भोकं लेझरनं पाडून घेऊ नकोस. ६ मिमी जाडीत २.५ मिमीचं भोक लेझरला नीट जमत नाही, निमुळतं होतं, आणि कडेला धातू कडक झाल्यामुळे नंतर ड्रिल किंवा रीमर फिरवला तर धार जाते. भोकं घरीच पाड. पिनचं भोक पाडून झालं की त्यात बसणारी खुंटी असलेला एक छोटा जिग, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा तुकडा, कर, खुंटीपासून १५ मिमीवर २.५ चं भोक असलेला. तो दोन्ही बाजूंना ११.५४ अंश फिरवून, क्लॅम्प करून, ड्रिल कर. मिलवर डीआरओ, म्हणजे जागेचे आकडे दाखवणारा पडदा, असेल तर जिग नको, ३.०० आणि १४.७० हे आकडेच पुरेत.

फ्लायव्हील ओतून घ्यायचं असेल तर पॅटर्न थ्रीडी प्रिंट करता येतो. बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी), ते थंड होताना आकसतं म्हणून, सगळी मापं सुमारे १ टक्क्यानं वाढव, उभ्या बाजूंना २ अंश उतार दे आणि जिथे लेथ फिरणार तिथे २ मिमी जादा धातू ठेव. मॉडेलमध्ये तयार फ्लायव्हील आणि पॅटर्न अशा दोन वेगळ्या फाइल्स असू देत. एकाच फाइलवर हे सगळं चढवलं की पुढच्या वेळी कुठलं माप खरं ते कळत नाही.

पिन बसवून जोडणी करण्याआधी सिलिंडर आणि फ्रेमची भिडणारी पृष्ठं काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासून घे. पिनभोवतीचा भाग पाव मिमी खोलगट कर, म्हणजे दाब भोकांजवळच बसेल. जोडताना, सिलिंडरला फ्रेमवर दाबून धरणाऱ्या पिनवरच्या स्प्रिंगचा नट हातानं फिरेल इतकाच आवळ. पहिली चाचणी रेग्युलेटर लावलेल्या कंप्रेसरच्या हवेवर, १ बारपासून. बॉयलरकडे सध्या वळू नकोस. तो विषय वेगळा आणि धोक्याचा आहे.

पितळ विकत आणण्याआधी तो रेषांचा स्केच आणि स्प्रेडशीट मला पाठव. सिलिंडरचं चित्र नसलं तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.