‘अधीन’ म्हणजे ‘आज्ञाधारक’ का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका भगिनींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे असे जे म्हटले आहे, तिथे ‘अधीन’चा अर्थ ‘निमूटपणे सांगेल ते करणारा’ असा घ्यायचा का? आणि त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही जण ‘अधिकाऱ्यांना अधीन’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मराठीत या शब्दाआधी षष्ठी येते: देवाच्या अधीन, नियमांच्या अधीन. कन्नडमध्ये मात्र ‘अधिकारिगळिगे अधीन’ अशी चतुर्थी चालते, त्यामुळे दोन्ही भाषांतील वाचन कानावर पडणाऱ्या आपल्या भागातील माणसाच्या तोंडी ‘ना’ सहज येतो. बोलण्यात तो मला खटकत नाही. लिहिताना ‘च्या’च ठेवावा. ‘आधीन’ असेही लिहू नये, कारण ‘स्वाधीन’, ‘पराधीन’ यांतील ‘आ’ संधीमुळे आलेला आहे.

पहिला प्रश्न मोलाचा आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘हुपोतास्सो’ असे आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘तास्सो’ म्हणजे क्रमाने लावणे, नेमणे. अध्यायाच्या पहिल्या दोनच वचनांत या ‘तास्सो’चे नाते चार शब्दांत दिसते: अधीन असणे, देवाने नेमलेले असणे, आड येणे आणि व्यवस्था. मराठीत हे चार शब्द एकमेकांपासून सुटे होतात, म्हणून ज्याने अधीन राहायचे तो आणि ज्याच्या अधीन राहायचे तो अधिकारी, असे दोघेही एकाच मांडणीत बसवलेले आहेत, हे वाचताना ध्यानात येत नाही. तरीही ‘अधीन’ हा शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण त्यातला ‘अधि’ तोच ‘अधिकारी’तही आहे.

बेंगळुरूहून येणाऱ्या कन्नड शासकीय आदेशाच्या तळाशी सहीखाली ‘सरकारद अधीन कार्यदर्शी’ असे छापलेले आपण पाहतो. महाराष्ट्रात त्यालाच ‘अवर सचिव’ म्हणतात. तो अधीन आहे, पण मिंधा नाही. त्याला त्याची जागा आहे आणि सहीचा अधिकारही आहे.

‘आज्ञाधारक’साठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे. इफिसकरांस पत्रात (6:1) मुलांना आईबापांच्या ‘आज्ञेत राहा’ म्हटले आहे, तिथे ‘हुपाकुओ’, म्हणजे ऐकणे, हे क्रियापद येते. त्याच्या थोडे आधी (5:21) एकमेकांच्या अधीन असण्यास सांगितले आहे, तिथे मात्र ‘हुपोतास्सो’ आहे. अधीन म्हणजे केवळ हुकूम पाळणारा असता, तर ‘एकमेकांच्या’ हा शब्द तिथे बसलाच नसता.

तेव्हा ‘सांगेल ते करणारा’ हा अर्थ मी घेणार नाही. आज्ञापालन त्यात बहुतेक वेळा येते, पण दोन्ही एक नव्हेत. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 5 पाहा. न्यायसभेने येशूच्या नावाने शिकवण्यास मनाई केली, तेव्हा मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे पेत्राने आणि इतर प्रेषितांनी सभेला तोंडावर सांगितले. पण बोलावल्यावर ते सभेपुढे उभे राहिले, फटके खाल्ले, आणि त्यानंतरही दररोज मंदिरात व घरोघरी शिकवीत राहिले.